प्रश्न तुमचे : म्युऑन कोलायडरचा डिटेक्टर आणि दहा कोटी नको असलेले कण

मागच्या अंकात एलएचसीनंतर, म्हणजे सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेतल्या प्रोटॉन आदळवणाऱ्या महायंत्रानंतर, पुढे काय यावर लिहिताना म्युऑन कोलायडर, म्हणजे इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद असलेले म्युऑन समोरासमोर आदळवायचं प्रस्तावित मशीन, मी दोन ओळींत उरकला होता, आणि ईमेल आले ते नेमके त्या दोन ओळींवर. त्यामुळे या वेळचं सगळं सदर त्यालाच. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, काही थोडे छाटलेत, राग नसावा.

प्रश्न (नाशिक, बी.एस्सी. दुसरं वर्ष) : सर, म्युऑन 2.2 मायक्रोसेकंदात संपतो असं पुस्तकात आहे. मग त्याची बीम बनवणार कधी, फिरवणार कधी आणि टक्कर कधी करणार? त्यापेक्षा इलेक्ट्रॉन किंवा प्रोटॉन काय वाईट?

आधी दुसरा भाग घेतो. इलेक्ट्रॉन हलका असतो, त्याला वर्तुळात फिरवलं की प्रत्येक वळणावर तो प्रकाश फेकत ऊर्जा घालवतो, आणि ही गळती वस्तुमानाच्या चौथ्या घाताने कमी होत जाते. म्युऑन इलेक्ट्रॉनच्या 207 पट जड, म्हणजे तीच रिंग नि तीच ऊर्जा धरली तर गळती जवळपास 180 कोटी पटींनी कमी. सर्नच्या 27 किमीच्या बोगद्यात एलएचसीच्या आधी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनचं एलईपी मशीन होतं, ते 209 जीईव्हीच्या (कणांची ऊर्जा मोजायचं एकक, हजार जीईव्ही म्हणजे एक टीईव्ही) वर जाऊ शकलं नाही ते याच कारणाने. प्रोटॉनला ही अडचण फारशी नाही, पण प्रोटॉनच्या आत क्वार्क-ग्लुऑन या आणखी लहान कणांची गर्दी, खरी टक्कर होते ती त्यातल्या एकाएकाची, त्यामुळे प्रोटॉनच्या ऊर्जेतला थोडाच वाटा कामी येतो. म्युऑन मूलकण आहे, सगळी ऊर्जा टकरीत उतरते, म्हणून 10 टीईव्हीचा म्युऑन कोलायडर बऱ्याच कामांसाठी 100 टीईव्हीच्या प्रोटॉन मशीनच्या तोडीचा धरतात आणि रिंग मात्र 10 किमीच्या आसपास.

आता आयुष्य. 2.2 मायक्रोसेकंद हे थांबलेल्या म्युऑनचं. 5 टीईव्हीला सापेक्षतेमुळे ते साधारण 47 हजार पटींनी ताणलं जातं, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. 10 किमीची एक फेरी 33 मायक्रोसेकंदांत होते, तर सरासरी म्युऑनला 3000 फेऱ्या मिळाल्या, कामापुरत्या पुष्कळ झाल्या. जाता जाता सांगतो, असा क्षय पावणारा जड कण वेगात असताना जास्त टिकेल हे 1938 मध्ये लिहून ठेवणाऱ्यांत आपले होमी भाभा होते, तेव्हा ते केंब्रिजला होते. कॉस्मिक किरणांमधल्या म्युऑनवर ते प्रयोगात दिसलं त्यानंतर, 1941 मध्ये.

पण आयुष्य लांबलं म्हणून क्षय थांबत नाही ना, आणि डिटेक्टरवाल्यांची झोप उडते ती इथे. एका बंचमध्ये, म्हणजे एकत्र धावणाऱ्या म्युऑनच्या एका पुंजक्यात, सुमारे 1.8 लाख कोटी म्युऑन असतात. हिशोब केला तर रिंगच्या प्रत्येक मीटरवर, प्रत्येक वेळी बंच जाताना, 50-60 हजार म्युऑन फुटतात, आणि समोरून येणाऱ्या दुसऱ्या बंचचे तेवढेच वेगळे. प्रत्येक फुटणाऱ्या म्युऑनमधून दोन न्यूट्रिनो निघतात ते सोडून द्या, पण एक इलेक्ट्रॉनही निघतो आणि तो सरासरी एक तृतीयांश ऊर्जा नेतो, म्हणजे दीड-पावणेदोन टीईव्ही. त्याची ऊर्जा बीमपेक्षा कमी म्हणून मॅग्नेट त्याला जास्त वळवतात, तो पाइपच्या भिंतीवर आदळतो आणि तिथून फोटॉन, इलेक्ट्रॉन, न्यूट्रॉन यांचा फवारा सुटतो. टक्कर झाली असो वा नसो, हा फवारा डिटेक्टरकडे येतोच. बाकी सगळ्या कोलायडरमध्ये डिटेक्टरवाले टकरीतून काय निघालं ते पकडायला बसलेले असतात, इथे त्यांचं पहिलं काम बीमनेच आणलेला लोंढा फेकून देणं, हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं डिझाइन असं का आहे ते समजत जातं.

प्रश्न (पुणे, सॉफ्टवेअर इंजिनिअर) : डिटेक्टरच्या आत दोन्ही बाजूंनी टंगस्टनचे मोठे शंकू घुसवलेले आहेत असं चित्रात बघितलं. म्हणजे बघायच्या जागेतच भिंत? कुणी पास केलं हे?

हसलो, कारण चित्र पहिल्यांदा बघितलं की सगळ्यांना हेच वाटतं. त्यांना नॉझल म्हणतात. टकरीच्या जागेपासून फक्त 6 सेंटिमीटरवर टोक सुरू होतं आणि मागे 6 मीटरपर्यंत जातं, टोकाकडे कोन साधारण 10 अंशांचा. घोड्याच्या डोळ्यांना झापडं लावतात तसा प्रकार, बाजूने येणारं दिसूच द्यायचं नाही. आत टंगस्टन, कारण ते घट्ट आणि जड, फोटॉन-इलेक्ट्रॉन तिथेच जिरतात, आणि बाहेरून बोरॉन घातलेल्या पॉलिथिनचा थर, कारण टंगस्टनमध्ये फोटॉन जिरताना न्यूट्रॉन सुटतात, पॉलिथिनमधला हायड्रोजन त्यांना मंद करतो आणि बोरॉन गिळून टाकतो.

याची मूळ कल्पना अमेरिकेतल्या म्युऑन ॲक्सिलरेटर प्रोग्रॅममधली, फर्मीलॅबच्या लोकांनी मार्स नावाच्या सिम्युलेशन कोडवर कित्येक आकार घासून पाहिले होते. 2014 नंतर तो प्रोग्रॅम गुंडाळला गेला पण नॉझलचं डिझाइन उरलं, पुढे युरोपातल्या मंडळींनी तेच फ्लुका या दुसऱ्या कोडवर नव्याने चालवलं, 3 आणि मग 10 टीईव्हीसाठी. नॉझलमुळे आत येणारी घाण शंभर ते हजार पटींनी कमी होते. तरी दर बंच-क्रॉसिंगला (दोन बंच एकमेकांतून जातात तेव्हा) डिटेक्टरमध्ये 10 कोटींच्या घरात कण येतात, नॉझल लावल्यानंतरचा आकडा आहे हा.

यात एक गंमत म्हणजे ऊर्जा वाढवली की घाण वाढेल असं कुणालाही वाटेल, मला तरी वाटलं असतं, पण तसं फारसं होत नाही. 5 टीईव्हीचा म्युऑन जास्त टिकतो म्हणून दर मीटरला फुटणारे कमी, पण प्रत्येक फुटणारा जास्त दणका देणारा, दोन्ही मिळून जमाखर्च जवळपास तिथल्या तिथे राहतो.

तुमचा मूळ आक्षेप मात्र खरा आहे, 10 अंशांच्या आतलं गेलं ते गेलं. आणि ते नेमकं नको असताना गेलं, कारण या ऊर्जेला येणारे दोन म्युऑन डब्ल्यू किंवा झेड बोसॉन (कमकुवत बल वाहणारे कण) फेकतात आणि त्या बोसॉनच्या टकरीतून हिग्ज (इतर मूलकणांच्या वस्तुमानाशी जोडलेला कण) तयार होतो, हा प्रकारच जास्त. डब्ल्यू फेकला तर म्युऑनचा न्यूट्रिनो होतो, तो दिसणार नाहीच, पण झेड फेकला तर म्युऑन म्युऑनच राहतो आणि बीमच्या जवळजवळ समांतर पुढे निघून जातो. हे दोन प्रकार वेगळे ओळखता आले तर हिग्जचं मोजमाप पुष्कळ नेमकं होतं. सुदैवाने टीईव्हीच्या घरातला म्युऑन टंगस्टनला जुमानत नाही, सरळ पार होतो. म्हणून नॉझलच्या पलीकडे, लांबवर, फक्त असे पुढे गेलेले म्युऑन पकडणारे डिटेक्टर बसवायचा विचार आहे. त्यांची ऊर्जा कशी मोजायची हे अजून चर्चेत आहे, मॅग्नेट कुठे बसवणार हाच प्रश्न. माझ्या मते सगळ्या डिझाइनमधली सगळ्यात इंटरेस्टिंग मोकळी जागा हीच.

प्रश्न (पिंपरी, एम्बेडेड इलेक्ट्रॉनिक्स) : 30 पिकोसेकंदांचं टायमिंग लागतं असं वाचलं. एवढं कशाला? आणि लाखो-करोडो चॅनलवर ते करणार कसं, आमच्याकडे एका बोर्डवर क्लॉक सांभाळताना फेस येतो.

एवढं कशाला ते आधी (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग). आत शिरलेल्या त्या 10 कोटी कणांच्या तीन खोडी आहेत : ते बहुतेक मरतुकडे असतात, फोटॉनची ऊर्जा तर एक-दोन एमईव्हीच्या (टीईव्हीच्या दहा लाखाव्या भागाच्या) आसपास, ते टकरीच्या जागेतून येत नाहीत, नॉझलच्या अंगावरून येतात, आणि ते वेळेवर येत नाहीत. टकरीतून निघालेला कण जवळपास प्रकाशाच्या वेगाने थेट सेन्सरपर्यंत येतो, त्याला किती वेळ लागणार ते आधीच माहीत. न्यूट्रॉन बिचारा रमतगमत नंतर येतो, काही फोटॉन तर आधीच येऊन बसतात कारण ते बीमच्या सोबतीने वाटेतूनच सुटलेले. म्हणून अपेक्षित वेळेच्या 90 पिकोसेकंद आधीपासून 150 पिकोसेकंद नंतरपर्यंत एवढीच खिडकी उघडी ठेवायची आणि बाकीचे हिट (सेन्सरवरच्या नोंदी) टाकायचे असा आत्ताच्या सिम्युलेशनमधला हिशोब. 30 पिकोसेकंदांत प्रकाश 9 मिलिमीटर जातो, त्यावरून खिडकी किती बारीक ते बघा. टकरीला सगळ्यात जवळच्या व्हर्टेक्स डिटेक्टरला 30 आणि त्याबाहेर कणांचा माग काढणाऱ्या ट्रॅकरला 60 पिकोसेकंद असं टार्गेट आहे.

आता कसं. आज या कामाला सगळ्यात पुढे असलेला सेन्सर म्हणजे एलगॅड, सिलिकॉनचा जेमतेम 50 मायक्रॉन जाडीचा थर आणि त्यात एक असा पट्टा जिथे विद्युतक्षेत्र इतकं तीव्र की कणाने सोडलेला चार्ज तिथेच दहा-वीस पट होतो. पातळ असल्यामुळे सिग्नल झटकन चढतो म्हणून वेळ नेमकी कळते. एलएचसीच्या पुढच्या अपग्रेडमध्ये ॲटलास आणि सीएमएस हे तिथले दोन्ही मोठे डिटेक्टर ते वापरतायत. पण त्यांचे पॅड (सेन्सरचे चौकोनी तुकडे) 1.3 मिमीचे आहेत आणि इथे व्हर्टेक्समध्ये पिक्सेल हवा 25 मायक्रॉनचा! म्हणजे वेळही तेवढीच नेमकी आणि जागा मात्र पन्नास पट बारीक, दोन्ही एका सेन्सरवर, दोन्ही एकदम. प्रत्येक पिक्सेलखाली टायमिंगचं सर्किट बसवायचं, त्याला वीज द्यायची, वीज दिली की उष्णता, उष्णता आली की कूलिंगच्या नळ्या, नळ्या आल्या की वाटेत जास्त मटेरियल, आणि मटेरियल वाढलं की कण त्यात धडपडत जातो, मग ट्रॅकची अचूकता बिघडते. हा फेरा तुम्हाला वेगळा सांगायला नको, बोर्डवर तुम्ही हेच भोगता. एसी-एलगॅड, खाच खणून पिक्सेल वेगळे केलेले एलगॅड, थ्रीडी सिलिकॉन असे बरेच उमेदवार आहेत, संपूर्ण ट्रॅकरभर चालेल असा एकही अजून नाही.

टायमिंग एकट्याने भागत नाही म्हणून जोड-थर. दोन सेन्सर एकमेकांपासून फक्त 2 मिमीवर ठेवायचे, एकच कण दोन्हीतून गेला की दोन बिंदूंवरून दिशा कळते, आणि ती दिशा टकरीच्या जागेकडे जात नसेल तर जोडी टाकून द्यायची. ऐकायला सोपं, पण इथे हात आखडता घ्यावा लागतो कारण हिग्ज निम्म्याहून जास्त वेळा बॉटम क्वार्कमध्ये फुटतो, आणि बॉटम क्वार्कवाले कण काही मिलिमीटर पुढे जाऊन मग फुटतात, म्हणजे त्यांची दिशा मूळ जागेकडे बरोब्बर जातच नाही. नियम कडक केला तर घाणीबरोबर हिग्जही कचऱ्यात. तसंच वेळेच्या खिडकीचं, एखादा नवीन जड कण प्रकाशापेक्षा बराच हळू येणारा असला तर तो उशिरा पोचेल आणि आपण त्याला न्यूट्रॉनच्या रांगेत उभं करून हाकलून देऊ. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ज्याच्यासाठी मशीन बांधायचं तेच फिल्टरमध्ये अडकायला नको. म्हणून शक्य तिथे वेळ नोंदवून ठेवा, डिटेक्टरमध्येच कापून टाकू नका, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी आहे, डेटा वाढला तरी.

प्रश्न (सांगली, निवृत्त विज्ञान शिक्षिका) : ट्रॅकरचं समजलं, पण ऊर्जा मोजणाऱ्या कॅलरीमीटरमध्ये तर सगळंच जमा होतं. तिथे खरं-खोटं वेगळं कसं करणार?

बाई, बरोबर जागी बोट ठेवलंत. कॅलरीमीटरमध्ये हा सगळा कचरा धुक्यासारखा सगळीकडे पसरतो आणि खऱ्या कणाची ऊर्जा त्यावर उंचवट्यासारखी दिसते. तर उपाय असा की कॅलरीमीटर खोलीच्या दिशेने बऱ्याच थरांत कापायचा. कमजोर फोटॉन पहिल्या काही थरांतच संपतात, खऱ्या उच्च ऊर्जेच्या कणाचा फवारा आतपर्यंत जातो, म्हणून पहिल्या थरांवर कमी भरवसा आणि आतल्यांवर जास्त. सुरुवातीचं डिझाइन सर्नच्या क्लिक या इलेक्ट्रॉन कोलायडरच्या प्रस्तावातून उसनं घेतलं होतं, टंगस्टन आणि सिलिकॉनचे 40 थर, 5 मिमीचे चौकोन. उत्तम आहे पण महाग. इटलीत क्रिलिन नावाचा दुसरा पर्याय तयार होतोय, लेड फ्लोराइडचे स्फटिक थरांमध्ये रचलेले, त्यात वेगवान कणांमुळे चेरेनकोव्ह नावाचा प्रकाश क्षणात पडतो म्हणून वेळही छान कळते, आणि थर कमी म्हणून स्वस्तही.

10 टीईव्हीसाठी आता दोन आराखडे आहेत, माइया आणि म्युझिक. दोघांमधला मोठा फरक मॅग्नेटच्या जागेचा. माइयात मुख्य सोलेनॉइड (नळकांड्यासारखा मॅग्नेट) ट्रॅकरच्या लगेच बाहेर, कॅलरीमीटरच्या आधी, म्हणजे मॅग्नेटचं धातूच कॅलरीमीटरसाठी आडोसा होतं. पण खऱ्या फोटॉनलाही तीच भिंत ओलांडावी लागते. म्युझिकमध्ये मॅग्नेट, फोटॉन-इलेक्ट्रॉन मोजणारा आणि हॅड्रॉन (प्रोटॉन-न्यूट्रॉनसारखे कण) मोजणारा अशा दोन कॅलरीमीटरच्या मधे. मला विचाराल तर फोटॉनसाठी म्युझिक, घाणीसाठी माइया, आणि निवड सिम्युलेशनच्या पुढच्या दोन-चार फेऱ्यांवर सोडलेली बरी.

प्रश्न (बंगळुरू, डेटा इंजिनिअर) : एलएचसीला सेकंदाला 4 कोटी क्रॉसिंग, तिथे ट्रिगर (कामाचं तेवढंच निवडून ठेवणारी व्यवस्था) लागतो. इथे तर कचरा इतका, डेटा झेपेल?

झेपायला हरकत नाही. प्रत्येक बाजूचा एकच बंच, 10 किमीची रिंग, म्हणजे सेकंदाला फार तर 30 हजार क्रॉसिंग. प्रत्येकाचा डेटा भरपूर जड असला तरी हार्डवेअर ट्रिगर न लावता सगळं बाहेर काढून सॉफ्टवेअरमध्ये चाळायचा विचार चालू आहे.

प्रश्न (रत्नागिरी) : न्यूट्रिनो कशालाच धडकत नाहीत असं शाळेत शिकलो. मग त्यांच्यापासून रेडिएशनचा धोका असं या मशीनबद्दल का म्हणतात?

जवळपास धडकत नाहीत, अगदीच नाही असं नाही, आणि ऊर्जा वाढते तशी धडकण्याची शक्यताही वाढते. इथे ते प्रचंड संख्येने, टीईव्हीच्या ऊर्जेने आणि पातळ झोतात निघतात, रिंग जमिनीत आडवी असली तरी पृथ्वी गोल असल्याने हा झोत कित्येक किलोमीटरवर जमिनीबाहेर येतो. तिथल्या माती-दगडात काही न्यूट्रिनो धडकले तर त्यातून थोडं रेडिएशन. उपाय म्हणजे बोगदा खोल, आणि रिंगमधले मॅग्नेट सावकाश वरखाली हलवत राहायचे म्हणजे झोत एकाच जागी पडणार नाही. एलएचसीच्या आसपास लोकांना मिळतो तितकाच नगण्य डोस राहावा असं लक्ष्य ठेवलंय. रिंगमधले लांब सरळ भाग मात्र खरंच त्रासदायक, तिथे सगळे न्यूट्रिनो एकाच दिशेला जातात, आणि टकरीची जागा अशाच सरळ भागात असते. त्यामुळे डिटेक्टर कुठे ठेवायचा हे ठरवताना झोत जमिनीबाहेर कुठे निघेल त्याचा नकाशाही समोर ठेवावा लागतो.

प्रश्न (लातूर, 11वी सायन्स) : सर मला यात काम करायचंय. पण हे मशीन होईपर्यंत मी म्हातारी होईन असं बाबा म्हणतात. आणि इथे राहून काय करता येईल?

बाबांचं गणित अगदीच चुकीचं नाही. म्युऑन थंड करून (त्यांची इकडेतिकडे पांगायची हालचाल कमी करून) बीम बारीक करता येते हे इंग्लंडच्या रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेतल्या माइस प्रयोगाने दाखवलं, निकाल 2020 मध्ये छापून आला, पण तो सुरुवातीचा एक टप्पा. त्यानंतर सर्नच्या छत्राखाली आंतरराष्ट्रीय म्युऑन कोलायडर कोलॅबोरेशन उभं राहिलं, आणि डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेच्या पी-5 या कणभौतिकीच्या सल्लागार समितीने या दिशेने संशोधन करा असं सांगितलं. मशीन बांधायचा निर्णय अजून कुणीच घेतलेला नाही. तुझी पिढी मशीन चालवेल की नाही माहीत नाही, डिझाइन करेल हे नक्की. आणि खरं सांगू, डिटेक्टरचं डिझाइन हा मशीन होण्याआधी वीस वर्षं करायचाच उद्योग आहे, एलएचसीचे डिटेक्टरही असेच झाले.

इथे राहून म्हणशील तर म्युऑन आणि मुंबईचं नातं जुनं आहे. तिथल्या टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेची मंडळी कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरून म्युऑन मोजायची, 1965 मध्ये तिथेच वातावरणातल्या न्यूट्रिनोंची खूण सापडली. सीएमएसचा बाहेरचा हॅड्रॉन कॅलरीमीटर टीआयएफआर आणि पंजाब विद्यापीठाने मिळून केला. म्हणजे डिटेक्टर बनवायची सवय आपल्याकडे आहे, एम.एस्सी. किंवा इंजिनिअरिंग करून त्या वाटेला जाता येतं, त्यातही इलेक्ट्रॉनिक्स चांगलं येणाऱ्यांची मागणी कायम असते.

तोपर्यंत 12वीची परीक्षा सांभाळून थोडं सी प्लस प्लस शिक आणि गिअंट-4 हे कणांचं सिम्युलेशन सॉफ्टवेअर उतरवून घे, फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. टंगस्टनचा एक ठोकळा कर, त्यावर इलेक्ट्रॉन मार, मागून किती न्यूट्रॉन निघतात ते मोज. मग बोरॉन मिसळलेल्या पॉलिथिनचा थर लावून परत मोज, थराची जाडी बदलत जा आणि आलेख काढ. फिजिक्स लिस्ट (कोणत्या प्रक्रिया धरायच्या त्याची यादी) निवडताना शेवटी एचपी असलेली निवड, नाहीतर मंद न्यूट्रॉन नीट दाखवत नाही आणि आलेख भलताच येतो. निघालेला आलेख पाठव, काही अडलं तर अडलंय काय तेही लिही.